अध्यक्ष आणि फ्लेक्सवाली

आधी जिभेनं आतून दात चाचपायचे, मग खांद्यावरची दस्ती सारखी करायची आणि चहाच्या हॉटेलवाल्याला म्हणायचं, "घे रे फोटो." देवगाव फाट्यावर बोअरला पाणी लागो, कुणाची नवी टपरी उघडो, शाळेत झाड लावणं असो, अध्यक्षांचा हा क्रम कधी चुकला नाही. ते कशाचे अध्यक्ष होते हे फाट्यावर कुणालाच नीट सांगता येत नसे. विचारायची वेळही कुणावर आली नाही.

मी त्यांच्या घरी नऊ वर्षं भाकरी केल्या आणि भांडी घासली. मी चौथीपर्यंत शिकलेली. फ्लेक्स वाचायला तेवढं पुरतं. चारचौघांत बोलायचं मला पहिल्यापासून जमत नाही. त्यामुळं माझ्यासमोर लोक चुलीसमोर बोलावं तसे मोकळे बोलतात.

मांजर सापडलं ते रस्त्याच्या कामात. पुलाच्या पाइपात अडकलं होतं. दोन मजुरांनी पोटावर सरपटत आत जाऊन त्याला ओढून काढलं. अध्यक्ष पोचले तेव्हा मांजर बाहेर होतं. त्यांनी ते हातात घेतलं, जीभ दातांवरून फिरली, फोटो झाला. तिसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला, 'मुक्या जिवांचे तारणहार'. अध्यक्ष खऱ्या माणसापेक्षा मोठे, मांजर वांग्याएवढं, खाली शुभेच्छुकांची तोंडं. मजूर कुठंच नव्हते. तुम्ही तो फ्लेक्स बघितला असता तर तुमच्याही लक्षात आलं असतं, की मांजरानं तोंड वाकडं केलं होतं आणि हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती.

फोटो झाल्यावर मांजर वालूरला नेऊन सोडायचं ठरलं होतं. पण फ्लेक्स आडवा आला. चहाला थांबलेला जो तो विचारू लागला, "अध्यक्ष, मांजर कसं हाय?"

"मजेत हाय," ते म्हणायचे. त्यामुळं ते घरात असणं आणि मजेत असणं, दोन्ही भाग पडलं.

ते मजेत नव्हतं. मांजरी होती ती. ताटलीकडं धावत यायची, एक घास उचलायची आणि किंचाळून मागं पळायची. पंजानं स्वतःचंच तोंड खरवडायची. तोंडाला घाण वास यायचा. अध्यक्षांच्या बायकोनं, काकूंनी, नाकाला पदर लावून सांगितलं, "ही फ्लेक्सवाली ओसरीवरच राहू द्या." तेच नाव पडलं.

उपायांना तोटा नव्हता. कुणी लवंगेचं तेल सांगितलं, कुणी मिश्री. अध्यक्षांनी स्वतः निदान केलं, "नजर लागली. फ्लेक्स लय लोकांनी बघितलाय." मिरच्या ओवाळून झाल्या. फ्लेक्सवाली मिरच्यांचा ठसका खाऊन आली आणि पुन्हा उपाशी बसली.

मला कळत होतं, भूक आहे, दात खाऊ देत नाहीत. मी भाकरी दुधात भिजवून बोटानं गंधासारखी मऊ कालवली. मान वाकडी करून, डोळे मिटून तिनं थोडी चाटली.

ते कालवणं मला नवीन नव्हतं. न्हाणीच्या कोनाड्यात एक काचेचा ग्लास असायचा. सकाळी मी तो विसळायला जायचे तेव्हा अध्यक्षांचं फ्लेक्सवरचं हसू त्यात पाण्यात पडलेलं असायचं. वरची आणि खालची, पूर्ण कवळी. जेवताना ती टोचायची, म्हणून घरी ते दाराकडं पाठ करून अशीच कालवलेली भाकरी खायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "बाई, हे इथलं इथंच." मी मान हलवली होती.

दोन आठवड्यांत फ्लेक्सवालीचं चाटणंही थांबलं. पाठीचा कणा हाताला लागू लागला. काकू म्हणाल्या, "घरात मेली तर फाट्यावर काय सांगनार हाव?" तेव्हा अध्यक्ष उठले. आम्ही तिला डालग्यात घालून परभणीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डालगं माझ्या मांडीवर होतं.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं ओठ वर केला तर हिरड्या कच्च्या जखमेसारख्या लाल. "सगळे दात काढावे लागतील," ती म्हणाली. "दुखतंय म्हणून खात नाही. असंच ठेवलं तर आठवडाभर काढेल. आणि लवंगेच्या तेलाचा वास येतोय, ते पुन्हा लावू नका, मांजराला विष असतं ते."

"दात काढल्यावर मांजर म्हनायचं कशाला तिला?"

"आजोबा, दुखणारे दात असण्यापेक्षा नसलेले बरे. मऊ खाऊन छान जगतात."

अध्यक्षांनी जिभेनं दात चाचपले. "विचार करून सांगतो," म्हणाले, आणि डालगं परत माझ्या मांडीवर आलं.

फाट्यावर हॉटेलासमोर उतरलो तर माणसं जमलीच. अध्यक्षांनी डॉक्टरचं म्हणणं सांगितलं. आपण काय ठरवलं, ते सांगितलं नाही.

"बिनदाताची मांजर? उंदरं वरात काढतील तिची."

"सोडून द्या अध्यक्ष. तिचं तिला बघू द्या."

"न्हाईतर कवळी बसवा तिला. फोटोत चांगली दिसंल."

सगळे हसले. अध्यक्षही हसले, बत्तीसच्या बत्तीस दाखवून. डालग्यात फ्लेक्सवाली काडीला गाल घासत होती. खर्र, खर्र असा बारीक आवाज येत होता.

"भूक लागलीय तिला," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. माणसांनी माझ्याकडं नाही, डालग्याकडं बघितलं. अध्यक्षांनी मात्र माझ्याकडं बघितलं. मी कुठला ग्लास विसळते ते त्यांना माहीत होतं. मी खाली मान घातली.

मग त्यांनी तोंडात बोटं घातली आणि आधी वरची, मग खालची कवळी काढून दस्तीवर ठेवली. गाल आत गेले, नाक हनुवटीला टेकलं. फाट्यावरचा एवढा मोठा माणूस एका क्षणात कुणाचा तरी म्हातारा आजा झाला.

"सात वर्षं झाली," ते म्हणाले. शब्दांतून वारा जात होता. "तुमच्या घरच्या लग्नात जेवलोय मी. मेलो का?"

दस्तीवरची कवळी तशीच हातात धरून ते वळले.

"घे रे फोटो," ते हॉटेलवाल्याला म्हणाले.

त्यानं मोबाइल काढला, वर धरला आणि परत खिशात घातला. "चहा टाकतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी परभणीला नेऊन तिचे दात काढले. दहा-बारा दिवसांत फ्लेक्सवाली ताटली घासल्यासारखी पुसून ठेवू लागली आणि चुलीपाशी माझ्या पायावर बसू लागली. दुपारी मी एकाच पातेल्यात भाकरी कालवायचे, तिची आधी काढायचे, मग अध्यक्षांच्या वाटणीत मीठ-तिखट. काकू म्हणायच्या, "बसली पंगत."

अध्यक्ष सुधारले असं मात्र समजू नका. कवळी घालून ते पुन्हा फाट्यावर उभे राहिले आणि फाट्यानंही काही बघितलंच नव्हतं. दवाखान्यातला इलाज आपणच डॉक्टरला सुचवला, असं ते सांगू लागले. शाळेत 'दातांची निगा' या विषयावर तासभर बोलले. त्याचाही फ्लेक्स झाला.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, चहा निवायच्या आत. काकू रडत होत्या, रडता रडता मला म्हणाल्या, "बाई, तेवढा ग्लास आन. लोकं यायलेत." मी आणला. दात त्यांनी आपल्या हातानं बसवले.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स आजवरचा सगळ्यात मोठा निघाला. तेराव्यानंतर काकू लेकीकडं गेल्या, फ्लेक्सवाली माझ्याकडं आली आणि फ्लेक्सही माझ्याकडंच आला. दारातल्या जळणाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगावर मी तो झाकलाय, छापील बाजू आत करून. नाहीतर भांडी घासताना अध्यक्ष बघायलेत असं वाटायचं.

ती त्याच्या आत झोपते. दुपारी ताटली वाजवली की बाहेर येते आणि आधी मोठी जांभई देते. आत सगळं गुलाबी, एकही दात नाही. तेव्हा मला हॉटेलासमोरचं ते तोंड दिसतं. त्याचा फोटो कुणाकडंच नाही.