भासऱ्यायनं नको म्हनलेली गाडी

आमचे भासरे जन्मभर माह्यासंगं बोलले नाई. मले काई सांगाचं असलं त बैलाले सांगत. भासरा म्हंजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडं लहान्या भावाच्या बायकोनं त्याच्यासमोर पदर पाडून राहाव, बाजीवर बसू नये, त्याचं नाव घेऊ नये अन् समोरासमोर बोलू नये. म्हनून त्यायचं नाव मी आताही घेत नाई. सकाळी आंगनात उभे रायत, बैलाच्या पाठीवर हात ठेवत अन् म्हनत, "काय रे ढवळ्या, काल भाजीत मीठ पडलं नाई वाटते." मंग मी चुलीवरच्या गंजाले, म्हंजे पातेल्याले, सांगो, "बजाराले जानाऱ्यानं मीठ आनलं असतं त पडलं असतं, बापा." ढवळ्या कान हालवे. माहे घरचे, म्हंजे माहा नवरा, हासून हासून बेजार होत. म्हनत, "अरे, तुमी दोघं मिळून त्या बैलाले मॅट्रिक पास करान."

गावात त्यायले पारखी म्हनत. कोनाले बैल घ्याचा असला का बजाराले यायले संगं नेत. ते दात पाहात, खूर पाहात, बैलाच्या कपाळावर हात ठेवून उगाच उभे रायत. मंग म्हनत, "उभं काय पाहता, चालवून पाहा." बैल खोटा निंघाला तरी खोटा म्हनत नोहते. "जनावर चांगलं आहे जी, पन तुमच्या दारी नको." बस, एवढंच. विकनाऱ्याचाही अपमान नाई अन् जनावराचाही नाई. एकदा दिघोरीचा एक मानूस चिडला, "पारखीबुवा, मंग कोनाच्या दारी चालल ते त सांगा." ते म्हने, "ज्याले घाई नाई त्याच्या दारी." पारखीबुवायनं नको म्हनलेला बैल गावात कोनी घेत नोहतं.

त्यायची बायको लवकर गेली. लेकरू झालं नाई. माहा गजू त्यायच्याच खांद्यावर वाढला. तो त्यायले मोठबाबा म्हने. पोरगं पोहाले शिकलं ते त्यायच्या हातावर, तलावात. पुढं टॅक्टर आले, बैल विकले, बैलायचा कोठा सुना झाला. तवा ते कोठ्यातल्या खुंट्याशी बोलाले लागले. खुंट्याले म्हनत, "आज पाय लय दुखून रायले बा." मी समजून जावो का तेल गरम करून दाराशी ठेवाव. माहे घरचे वारले त्या दिवसी खुंट्याशीही बोलले नाई. निस्ते त्याले धरून बसले होते.

मंग गजूचं दुखनं आलं. तो टेम्पो चालवे, चांगला धिप्पाड गडी. तोंड सुजलं, पाय सुजले. भंडाऱ्याच्या डाक्टरनं सांगतलं, दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा येऊन रगत धुवाव लागल. जातानी कसा तरी जाये. येतानी अंगात जीव रायत नोहता. दोन येस्ट्या बदलाव्या लागत. मधातल्या स्टँडवर त्याले फरशीवर निजवून मी अन् सून मीना बाजूले बसत होतो. गाडीत ओकला का लोकं सरकून बसत. एक बाई म्हने, "पेऊन आला का काय हा?" मीना तिच्या आंगावर धावून गेली. मी म्हनलं, "बस वो पोरी. कोनाकोनाले सांगशीन?" भाड्याची गाडी कधीमधी केली, पन दर खेपेले कुठून कराव?

शहापूरच्या एका मंडपवाल्याची जुनी पांढरी व्हॅन विकाले होती. एकदम सस्ती. गजूनं टेम्पोवाल्या दोस्तायकडून ऐकलं अन् त्याचे डोळे असे चमकले का मले पाहवत नोहतं. म्हने, "आई, मांगची सीट काढून गादी टाकू. मी निजून जाईन, निजून येईन. कोनाचं तोंड पाहाव लागनार नाई." मीना म्हने, "चालवाले मी शिकतो. स्कुटी येते त हे काहून नाई येनार?" गजू म्हने, "हव, अन् तू आमाले तलावात नेऊन घाल." लय दिवसानं घरात हासू झालं.

मंडपवाला गाडी घेऊन आंगनात आला. मानूस वाईट नोहता. त्यानं आधीच सांगतलं, "काका, इंजिन थोडं गरम होते जी. म्हनून त सस्ती देऊन रायलो. बाकी मक्खन आहे." गजू म्हने, "मोठबाबा, तुमी पाहा. तुमी म्हनान तसं."

भासरे गाडीच्या चारही बाजूनं फिरले. वाकून खाली पाह्यलं. चाकाले हात लावला. मंग समोर येऊन काचेखाली, जनावराचं कपाळ असते तिथं, हात ठेवून उभे रायले. म्हने, "चालवून पाहा." मंडपवाल्यानं गाडी तलावाच्या पारीवर, त्या उंच बांधावर, चढवली. हे मांगं मांगं पायी गेले. वर चढेचढेपर्यंत सीटखालच्या इंजिनातून वाफ निंगाले लागली. मंडपवाल्यानं सीट उचलली, थंडी होऊ देल्ली, पत्र्याच्या डबकीनं पानी ओतलं, अन् गाडी वापस आनली. म्हने, "थोडं पानी पिते जी, दुसरं काई नाई."

गजू बाजीवर बसून मोठबाबाच्या तोंडाकडं पाहून रायला होता. मी दाराआडून घागरीले म्हनलं, "घ्याव का नाई, कोनी त सांगा वो." भासऱ्यायनं गाडीच्या कपाळावरचा हात काढला नाई. गाडीलेच म्हनले, "तू चांगली आहेस, माय. पन आमच्या दारी नको. माहं लेकरू रस्त्यात टाकशीन."

मीना सासऱ्याले म्हनते तसं त्यायले म्हने, "मामाजी, आपन पानी संगं ठेवू ना. डबकी भरून." ते म्हने, "अन् हा आत तडफडत असला मंग? तू गाडीले पानी पाजशीन का याले पाहशीन?" बरोबरच होतं. गजू हासला. मंडपवाल्याले म्हने, "भाऊ, मोठबाबायनं पास केली नाई तुमची गाय." तो बिचारा चहा पेऊन गेला. गाडी मोडावरून दिसेनाशी होयेपर्यंत गजू पाहात रायला. मंग भिताडाकडं तोंड करून निजला.

येस्टीच चालू रायली. पन आता गजू कंटाळा कराले लागला. "आज नाई जात आई, उद्या जातो." उद्याचं परवा होये. मीना रागावे, रडे. भासरे खुंट्याले म्हनत, "त्याले म्हना जाय बा, जाय. मी येतो संगं." अन् खरंच म्हातारं मानूस काठी घेऊन येस्टीत उभं राहून गेलं. पन हुकलेल्या खेपा वाढतच गेल्या. धानाच्या रोवन्याच्या दिवसात त्याले दम लागला. भाड्याची गाडी बलावली, नवी कोरी. रस्त्यात कुठंच थांबली नाई. तरी भंडारा यायच्या आधीच गजू माह्या मांडीवर गेला.

डाक्टर म्हने, खेपा हुकल्या. घरी कोनी त्या गाडीचं नाव काढलं नाई.

दिवाळी झाल्यावर एक कांदेवाला गावात आला. भोंग्यावर कांदे-आलू-लसून ओरडत. गाडी आमच्या दारापाशी थांबली, पांढरी व्हॅन. कलर तोच, दरवाज्याचा पोचा तोच. मांगची सीट काढून कांदे भरले होते. मीना आत निंघून गेली. भासरे ओट्यावर होते. कांदेवाला उतरला, म्हने, "काका, एक डबकी पानी द्या जी. इले घडीघडी तहान लागते."

त्यायनं सोता पानी देल्लं. मंग विचारलं, "इंजिन नवं टाकलं का?"

"कुठचं नवं, काका! तेच आहे. पानी पाजत जाव, चालत जाव. रोज लाखांदूरपर्यंत सगळी गावं फिरते. लोकं म्हने घेऊ नोको, पन अजून रस्त्यात टाकलं नाई इनं मले."

भासरे रिकामी डबकी हातात घेऊन तसेच उभे रायले. गाडी गेली तरी उभे.

तवापासून त्यायनं खुंट्याशी बोलनं सोडलं. जेवनाचं ताट तसंच वापस येये. लोकं बैलाचं सोडा, बकरी पाहाले बलावत, तरी जात नोहते. म्हनत, "मले काई समजत नाई जी." मी घागरीले सांगून पाह्यलं, चुलीले सांगून पाह्यलं, का गाडी चालली, पन त्यात कांद्याचं वझं होतं, दुखनाईत मानूस नोहता. तिकडून काई उत्तर नाई. मंग एक दिवस मले रायवलं नाई. डोक्यावरचा पदर मांगं सारला अन् ओट्यावर त्यायच्यासमोर जाऊन उभी रायली. काय म्हनून हाक माराव तेही मले मालूम नोहतं, कधी मारलीच नोहती. म्हनलं, "तुमचं काई चुकलं नाई. तुमी लेकराचं भलंच पाह्यलं. मीही तेच म्हनली असती."

त्यायनं तोंड भिताडाकडं फिरवलं. काठी शोधली, सापडली नाई, तशीच धानाच्या बांधीकडं वाट धरली. ऐकलं का नाई, काई समजलं नाई मले.

जेवनाच्या वेळेले मीनाले म्हने, "तुह्या सासूले सांग, डोक्यावर पदर घेत जाय म्हना. रस्त्यानं लोकं जाऊन रायले होते."

बस, तेवढंच उत्तर आलं. पन त्या दिवसी जेवले मात्र पोटभर.

धान चुरून झालं, मळनी आटोपली, अन् ते गेले. दुखनं ना दवाखाना. रीतीपरमानं मी त्यायले हात लावला नाई, दारातूनच पाह्यलं. घरात आता मी अन् मीना. मीना शाळेत खिचडी शिजवाले जाते.

गाडी अजून येते. आमच्या दारापाशी आली का कांदेवाला आवाज देते, "माय, पानी आहे का जी?" आधी वाटे, म्हनाव का पानी नाई बा. पन पानी कोनाले नाई कसं म्हनाव? मी डबकी भरून देतो. तो सीट उचलून ओतते, थोडा वेळ थांबते, बिडी पेते. मंग गाडी चालू होते अन् मोडावरून भंडाऱ्याच्या रोडले लागते.