गोजरबाईची खोलीची मोटार

राहात्याच्या पंचक्रोशीत मोटारींबद्दल बोलणारी माणसं पुष्कळ होती. पण कुठल्या मोटारीत बाळंतपण चांगलं होतं हे सांगू शकणारी एकच, ती म्हणजे गोजरबाई सुईण. इंजिन पुढे असतं की मागे, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. मोटार म्हणजे मागची बैठक आणि तिच्यापुढची जमीन. बाकीचा पत्रा पुरुषांच्या हौसेखातर जोडलेला असतो, असं तिचं मत होतं आणि ते तिने न विचारता सगळ्यांना देऊन ठेवलं होतं.

हा अधिकार तिला तरुणपणी मिळाला. तेव्हा इंग्रज होता आणि पलीकडच्या एका एवढ्याशा संस्थानात राजेही होते. त्यांची बहीण देवदर्शनाहून परतताना वाटेतच अडली आणि शेतात खुरपत असलेल्या गोजरबाईला खुरप्यासकट उचलून मोटारीत बसवण्यात आलं. शिकलेली माणसं त्या मोटारीला लिमोझिन म्हणत. गोजरबाईने तिचं नाव ठेवलं खोलीची मोटार. मागे खरोखरच एक ऐसपैस खोली होती. खाली पाय रुतेल असा गालिचा, मिटून ठेवता येणाऱ्या दोन खुर्च्या, दाराशी चांदीची फुलदाणी आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे जाड काचेची भिंत. त्याला काही सांगायचं तर एका नळीत बोलायचं. राजाची बहीण नेमकी त्या नळीजवळ तोंड करून ओरडत होती, त्यामुळे ड्रायव्हर दर किंकाळीला अदबीने "जी सरकार" म्हणत होता. राजाच्या भाच्याने त्या गालिच्यावर जन्म घेतला आणि गोजरबाईला आयुष्यभर पुरेल अशी गोष्ट मिळाली.

ती तिने आयुष्यभर पुरवलीही. विश्वास फक्त तिच्या जावेने, छबूबाईने ठेवला नाही. "गोजरीला बैलगाडीत नीट बसता येत न्हाई," छबूबाई पाणवठ्यावर म्हणायची, "अन् म्हनं राजाच्या मोटारीत."

पुढे राजे गेले, मोटार विकली गेली आणि हात बदलत बदलत राहात्याच्या श्रीमंत मंडपवाल्याकडे आली. हा श्रीमंत फक्त नावाने. त्याने मोटारीच्या नाकावर कागदी मोर बसवला. मधली काच खडखडते म्हणून ती चारी बाजूंनी खिडक्यांच्या काचांना लावतात ती लांबी भरून पक्की बसवली आणि तिच्यावर लाल रंगात 'शुभविवाह' लिहिलं. बोलायच्या नळीत प्लास्टिकचे गुलाब खोचले. तेव्हापासून मोटारीने मारुतीचं देऊळ ते लग्नाचा मांडव याच्यापलीकडे जग पाहिलं नव्हतं. तरी ती समोरून आली की गोजरबाई पदर सावरून बाजूला उभी राही. जुन्या ओळखीतली मोठी बाई भेटावी तशी.

एकाहत्तर साली गोरक्षनाथरावांनी मर्सिडीज आणली. त्यांचा ऊस होता, पेरूच्या बागा होत्या आणि डोक्यावर कायम कडक इस्त्रीचा गुलाबी फेटा होता. दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीने विकायला काढलेली ही काळीभोर, लांबलचक सेडान बघायला गाव लोटला. गोरक्षनाथरावांनी गोजरबाईला मुद्दाम बोलावून घेतलं, कारण तिने नावं ठेवली नाहीत तरच मोटार खरी. ती मागे बसली, दोनदा उडून पाहिलं आणि पायाने जमीन चाचपली, तर मधोमध पत्र्याचा उंचवटा लागला.

"काच न्हाई," ती म्हणाली. "मधी हा एवढा उंबरा कशाला ठिवलाय? डायवर कान टवकारून पुढं बसनार अन् बाळंतीन मागं लाजून मरनार. ही बसायची मोटार हाय दादा, आडवं व्हायची न्हाई."

"मावशी, असली मोटार मंत्री वापरत्यात."

"मंत्री बाळंत व्हत न्हाईत," गोजरबाई म्हणाली आणि उतरली.

गोरक्षनाथरावांची सून विजया तेव्हा दिवसांत होती. पहिलीच खेप. कळा सुरू झाल्या की थेट नगरला दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वैशाखातल्या एका सकाळी त्या सुरू झाल्या. विजयाची सासू साळूबाई हिचा डॉक्टरवर विश्वास होता, पण नगर लांब होतं आणि गोजरबाई जवळ होती. तेव्हा वाटेत सोबत म्हणून तिलाही न्यायचं ठरलं. छगन ड्रायव्हरने मर्सिडीज दारात लावली. गोजरबाईने तिच्यात पाऊल टाकायला साफ नकार दिला.

"खोलीची मोटार आना, मग मी येते."

"अगं मावशी, ती वरातीची मोटार," गोरक्षनाथराव म्हणाले. "हिच्यातनं दीड-दोन तासांत नगर येतंय."

"वाटंतच झालं मंजी? ह्या उंबऱ्यावर निजवू व्हय पोरीला?"

दोघं बराच वेळ भांडली असती. पण आतून विजयाचा आवाज आला, "मामा, कुठलीबी आना, पन आना." तेव्हा श्रीमंतला निरोप गेला. दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी मोटार धुऊन-पुसून तयारच होती. श्रीमंत निरोप मिळताच जरीची टोपी घालून निघाला. आपल्या खोलीला पुन्हा खरं काम लागतंय याचा गोजरबाईला इतका आनंद झाला की तिने कागदी मोराला नमस्कार केला. गोधड्या अंथरून विजयाला निजवलं, साळूबाईला मिटत्या खुर्चीवर बसवलं आणि गोरक्षनाथरावांना मर्सिडीज घेऊन मागून यायचा हुकूम केला.

"बघ साळू," गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "हलतंय का पोटातलं पानी? ह्याला मोटार म्हनत्यात."

पोटातलं पाणी हलत नव्हतं हे खरं होतं. थोड्या वेळाने एक सायकलवाला त्यांच्या पुढे गेला. मग कडब्याची बैलगाडी पुढे गेली. मग डोक्यावर भारा घेतलेली एक बाई मोटारीच्या बरोबरीने चालू लागली आणि खिडकीतून डोकावून तिने विचारलं, "कुनाची वरात हाय?"

तेव्हा गोजरबाईच्या ध्यानात आलं. श्रीमंतने ही मोटार बँडच्या मागे चालवण्यापलीकडे कधी चालवलीच नव्हती. रस्त्याच्या मधोमध, माणसाच्या पावलाने, मान ताठ ठेवून तो निघाला होता. मागून छगन हॉर्नवर हॉर्न वाजवत होता, पण वरातीत हॉर्न वाजतो तो पाहुण्यांना जोर आला म्हणून, आणि पाहुण्यांना जोर आला की मोटार आणखी सावकाश न्यायची असते. श्रीमंतने ती आणखी सावकाश केली.

गोजरबाईने काचेवर टकटक केलं. मोटार थांबली.

"गाडीला वाट देत आसंल," साळूबाई म्हणाली. खूप वेळाने मोटार आपली आपण पुन्हा निघाली. विजयाने साळूबाईचा हात घट्ट धरला. गोजरबाईने आणखी जोराने टकटक केलं. मोटार पुन्हा थांबली. आता रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. काचेतून, 'शुभविवाह'च्या फटीतून, श्रीमंत शांतपणे समोर बघत बसलेला दिसत होता आणि त्याची बोटं चाकावर ठेका धरून होती.

"हा थांबलाय कशापायी?" साळूबाई म्हणाली.

गोजरबाईने नळीतले गुलाब उपटून फेकले आणि आत तोंड घालून श्रीमंतच्या सात पिढ्या काढल्या. नळी आत कुठेतरी मंडपाच्या चिंधीने बुजलेली होती. विजया आता बोलत नव्हती, नुसती बघत होती. गोजरबाईला ते बघणं ओळखीचं होतं. नगर राहिलं बाजूला, वाटेतलं कोल्हारसुद्धा मिळतं की नाही अशी वेळ आली होती, आणि ती वेळ तिच्या हट्टाने आली होती. ती दार उघडून खाली उतरली आणि पुढे गेली.

"शिरमंत्या, थांबतो कशाला रं मेल्या?"

"टकटक झाली की थांबायचं आसतंय आत्याबाई," श्रीमंत म्हणाला. "पोरांना नाचायचं आसतंय. एक गानं झालं की आपन निघायचं."

गोजरबाईने हात करून मर्सिडीज पुढे बोलावली आणि विजयाला गोधड्यांसकट तिच्यात हलवलं.

छगनला हसू आवरलं नाही. "मावशी, हिला काच न्हाई."

"तुला थोबाड हाय नव्हं? ते पुढं ठिव."

मग तिने गोरक्षनाथरावांच्या डोक्यावरचा फेटा एका झटक्यात उतरवला, सोडला आणि त्याचं एक टोक या दारावरच्या कडीला, दुसरं त्या दारावरच्या कडीला बांधून छगनच्या पाठीमागे गुलाबी भिंत उभी केली. "अन् मोठ्यानं कायतरी म्हन," तिने पलीकडे हुकूम सोडला, "ऐकू आलं न्हाई पायजे तुला." छगनला गणपतीची आरती तेवढी येत होती. ती त्याने गिअरच्या जोडीने उचलली.

मर्सिडीज सुटली. आरती संपली की छगन पुन्हा पहिल्यापासून धरत होता. कोल्हारचा पूल दिसायच्या आत फेट्यामागे दुसराच सूर लागला, बारीक आणि चिडलेला. मुलगी झाली. मधल्या ज्या उंबऱ्याला गोजरबाईने नावं ठेवली होती, त्यालाच पाय रेटून ती धक्क्यांत घट्ट बसली होती. हे तिने पुढे कुणाला सांगितलं नाही.

गोरक्षनाथराव बोडक्या डोक्याने खोलीच्या मोटारीत मागे बसून येत होते. लवकर चल म्हणून त्यांनीही काचेवर टकटक केलं. ते दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर मायलेकींना तपासून, सगळं ठीक आहे असं सांगून रात्रीच्या जेवणाला गेले होते.

"आता सांग मावशी," नातीला बघून झाल्यावर ते म्हणाले, "कुठली मोटार बरी?"

"तुझा फेटा बरा," गोजरबाई म्हणाली.

मायलेकी मर्सिडीजमधून नगरहून परतल्या त्या राहात्याच्या वेशीपर्यंत. वेशीवर खोलीची मोटार उभी होती, पुढे बँड होता आणि श्रीमंत जरीची टोपी घालून चाकामागे बसला होता. मोटार गावातून माणसाच्या पावलाने निघाली आणि या वेळी कुणालाच घाई नव्हती. मागे विजया होती आणि गोजरबाईच्या मांडीवर पोरगी होती.

छबूबाईच्या दारासमोर गोजरबाईने काचेवर टकटक केलं. मोटार थांबली. बँडने अख्खं गाणं वाजवलं. छबूबाई चूल सोडून ओट्यावर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मोटारीतल्या गोजरबाईकडे बघत राहिली. गाणं संपलं. श्रीमंत गिअर टाकणार, तोच गोजरबाईने पुन्हा टकटक केलं.