पावसाळी वर्षाच्या बारा बाटल्या

आमच्या गावात एखादी वस्तू हवी असली की आधी तिची नालस्ती करायची. ओनोरेकाका तर या कामात गावाचा मुकुटमणी. बाजारात चीज घेताना ते नाकाशी नेऊन "हे काय, गेल्या जत्रेतलं उरलेलं का?" असं विचारल्याशिवाय तो पिशवी उघडत नाही. सायकल घेतली तेव्हा विकणाऱ्याला तासभर ऐकवलं की हिच्यापेक्षा बकरीवर बसलेलं बरं. मुलगी मागायला गेला तेव्हाही भिंतींकडे बघून म्हणाला म्हणे, "घर ओलसर दिसतंय तुमचं." मुलीचा बाप परगावचा. त्याला ते खरंच वाटलं. म्हणून काका आज एकाहत्तराव्या वर्षीही बहिणीच्या, म्हणजे क्लोतीआत्याच्या, हातचं जेवतो, आणि रश्श्यात मीठ जास्त झालंय असं म्हणत परत परत वाढून घेतो.

शेहेचाळीस हिवाळे त्यानं मार्सालमालकांच्या द्राक्षवेली छाटल्या. कोल्ह्याचा उतार नावाचा तो मळा त्याला तळहातासारखा पाठ आहे. छाटणी काकाची, तोडणी काकाची, पिंपं धुणं काकाचं. वाइन मात्र मालकांची. द्राक्षं कधी चेपायची, रस किती दिवस सालींवर ठेवायचा, सगळं मालक ठरवायचे. एकदाच तसं झालं नाही. सत्त्याहत्तर साली ऐन तोडणीत मालक शिडीवरून पडले आणि दोन महिने खाटेला खिळले. तेही कसलं वर्ष? उन्हाळाभर पाऊस, जुलैत गारा, सप्टेंबरात घडाघडाला कूज. चोवीस वर्षांच्या काकानं सडके मणी एकेक करून हातानं वेचून काढले आणि आपल्या डोक्यानं वाइन केली. मालक कुबड्या घेऊन तळघरात उतरले, पिंपातला एक घोट तोंडात घोळवला आणि थुंकून टाकला.

"ओनोरे, तू आपला वेली छाट. वाइन करणं तुझं काम नव्हे."

ती वाइन ठोक व्यापाऱ्याला गेली. बारा बाटल्या तेवढ्या तळघराच्या कोपऱ्यात राहिल्या. पिंपातली वाइन कच्चीच असते, तिचं पुढं काय होतं ते बाटलीत वर्षं गेल्यावर कळतं. काकाला ते कळून घ्यायचं होतं. आपण नुसता छाटणारा गडी, की मालकांचंच चुकलं? पण मालकांपुढं जाऊन एक बाटली मागण्याची त्याची काही छाती झाली नाही.

गेल्या वर्षी मालक वारले. वारस पॅरिसचे, त्यांना तळघर रिकामं हवं होतं. एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी गावच्या सभागृहात लिलाव ठेवला, आमच्याकडच्या जुन्या रीतीनं, मेणबत्तीवर. शेवटची बोली झाली की नोटरी बोटभर वात पेटवतो, ती विझली की दुसरी. दुसरीचा धूर वर गेला की माल शेवटची बोली लावणाऱ्याचा. मधेच कुणी बोली वाढवली की पुन्हा पहिलीपासून. वात पेटली की सभागृहात कुणी खोकतसुद्धा नाही.

आमचे नोटरीसाहेब बोलतात नाकातून, आणि प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी गेल्यासारखे थांबतात.

"क्रमांक एकतीस. कोल्ह्याचा उतार. सन सत्त्याहत्तर. बाटल्या बारा. लेबल... नाही. सुरुवात साठ युरोंपासून."

"साहेब, या व्हिनेगरबरोबर सॅलडची पानं पण देताय ना?" खाणावळीच्या सोलांजबाई ओरडल्या. सभागृह खो खो हसलं. सत्त्याहत्तरची वाइन कुणाला हवी?

काकानं हात वर केला. "साठ." इथवर ठीक होतं. पण जन्माची सवय. पुढं म्हणालाच, "भांडी घासायला होईल."

हसू बंद झालं. सगळ्या माना काकाकडं वळल्या. त्या मळ्यातली वेल न् वेल ओळखणारा माणूस या बाटल्यांना नावं ठेवतोय?

बोन शहरातले वाइनचे व्यापारी बोदुआँसाहेब पहिल्या रांगेत होते. शहरात राहत असले तरी आजोळ त्यांचं आमच्याच गावातलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ऐंशी."

"शंभर!" सोलांजबाई.

"अहो सोलांजबाई, आत्ता तर सॅलड मागत होतात!"

"माझी खाणावळ आहे ओनोरेभाऊ, मला सॅलड लागतंच. बोला तुम्ही पुढचं."

काकाच्या खिशात तीनशे होते, त्याहून एक युरो जास्त नव्हता. दीडशे झाले. बोदुआँसाहेब एकशेऐंशी म्हणाले. काका दोनशे म्हणाला आणि उभाच राहिला.

"मंडळी, शपथेवर सांगतो, ही वाइन वाईट आहे! मीच केलीय ती! गारा, पाऊस, कूज. मालकांनी थुंकून टाकली होती!"

आयुष्यात पहिल्यांदाच काका एखाद्या मालाबद्दल मनापासून खरं बोलला, आणि कुणाचा म्हणून विश्वास बसेना.

"स्वतः केलीय म्हणतोय," मागून कुणीतरी पुटपुटलं. "म्हणजे आत काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक."

"दोनशेवीस!" सोलांजबाई.

"दोनशेसाठ," बोदुआँसाहेब.

काकानं खिसा चाचपला. "तीनशे."

नोटरीसाहेबांनी पहिली वात पेटवली. बोदुआँसाहेब कानाची पाळी चोळायला लागले. बोली वाढवण्याआधी ते हमखास कान चोळतात. मागच्या रांगेत बसलेल्या आत्यानं काकाचा सदरा खस्सकन ओढला.

"अरे गाढवा, स्तुती कर तिची!"

"कुणाची?"

"वाइनची! तोंड भरून कर!"

काका कानापर्यंत लाल झाला. त्याला स्तुती करायची सवयच नव्हती. शाळेत धडा विसरलेल्या पोरासारखा तो छताकडं बघत बोलायला लागला. "ही... फार सुंदर वाइन आहे. रेशीम आहे रेशीम. वास घेतलात तर, काय ते, जांभळी फुलं. अख्ख्या तळघरात हिच्या तोडीची दुसरी नाही. तुम्ही सगळ्यांनी... घ्यायलाच हवी अशी आहे."

पहिली वात विझली. नोटरीसाहेबांनी दुसरी पेटवली. बोदुआँसाहेबांचा हात कानावरून हळूहळू खाली आला.

"बघा, बघा," सोलांजबाई शेजारणीला म्हणाल्या. हळू बोलल्या, पण त्यांचं हळू बोलणं चर्चपर्यंत ऐकू जातं. "गळ्यात पडली ना तीनशेला, आता कुणीतरी सोडवा म्हणतोय. चांगली असती तर असा गोड बोलला असता का मेला?"

बोदुआँसाहेबांनी यादी घडी करून खिशात घातली. वात थरथरली, निळी झाली, आणि तिचा बारीक धूर सरळ वर गेला.

"दिली," नोटरीसाहेब नाकातून म्हणाले.

काका खुर्चीवर बसला तो असा, की खुर्ची ओरडली.

दुपारी स्वयंपाकघरात आत्यानं पाव कापला, हॅमचे जाड तुकडे ताटलीत मांडले. बूच भुगा होऊन अर्धं आत पडलं, म्हणून वाइन गाळणीतून गाळावी लागली. रंग जुन्या विटेसारखा. काकानं पेला नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मग एक घोट घेतला. डोळे मिटले.

"बोल की रे," आत्या म्हणाली. तिच्या हातातली सुरी तशीच वर राहिली होती.

"अंगानं बारीक आहे," काका म्हणाला. "कडेला आंबट लागते. पण सरळ आहे. घोट गेल्यावर मागं आंबट चेरी राहते, आणि ओला दगड. आपल्या उताराचाच दगड."

"म्हणजे मालक चुकले?"

"पिंपात चाखली त्यांनी. तेव्हा ती थुंकण्यासारखीच होती." त्यानं दुसरा घोट घेतला, या खेपेला मोठा. "आज असते तर थुंकले नसते. पेला पुढं केला असता."

आत्यानं डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला आणि कांद्यावर ढकललं, खरं तर कांदा कुणी चिरलाच नव्हता. काका खिडकीबाहेर बघत बोटांवर काहीतरी मोजत होता.

"दोन दिवस आधी काढायला हवी होती सालींवरून," तो म्हणाला. "घाबरलो होतो तेव्हा. पुढच्या वेळी दोन दिवस आधी काढेन."

"पुढच्या वेळी? एकाहत्तरचा झालास!"

"मग? घरामागं चार ओळी आहेत की वेलींच्या. दरवर्षी पाखरांनाच घालायच्या का द्राक्षं?" काका उठला, दाराआडची छाटणीची कात्री घेतली आणि पेला हातात घेऊनच मागच्या दारानं बाहेर गेला.