घर खाली आहे!

मंडळी, उज्जैनमध्ये घर मिळालं, तेही एका शब्दाच्या घोळामुळे!

नाशिकहून बदली झाली. आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून माझी अट एकच होती, तळमजला. रामघाटाजवळ बघितलं तर सगळीकडे उभे जिने. तुम्हीच या ग्रुपवर लिहिलंत, "वरचं घे, आईंना होईल सवय." मी हटले नाही.

आज सकाळी इथल्याच नानाखेडा भागातल्या एका घरमालकीण काकूंना फोन केला. मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. म्हणाल्या, "घर खाली आहे, या बघायला."

आईला घेऊन पोचले, तर काकूंनी बोट दाखवलं दुसऱ्या मजल्याकडे.

"अहो, खाली म्हणालात ना?"

"खालीच आहे! कोणी राहत नाही त्यात."

त्यांचं 'खाली' हिंदीतलं, म्हणजे रिकामं! आई जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसली आणि गुडघे चोळत हसत सुटली. काकूही हसल्या, मग तिच्या गुडघ्यांकडे बघून म्हणाल्या, "परेशान नका होऊ, ताई. एक तारखेला आमचे खालचे भाडेकरू जातायत. खालचं पण खाली होणार आहे!"

आईने बसल्या जागेवरूनच घर पसंत केलं.

तेव्हा 'सवय होईल'वाले, चहाला कधी येताय? जिना चढावा लागणार नाही.