आधी पूर्ण नाव

परबदादा मला रोज सकाळी माझं नाव विचारत. पूर्ण नाव, आणि तेही मी बाकावर बसायच्या आत. पहिल्यांदा वाटलं, विसरले असतील. मग वाटलं, खोडी काढताहेत. चौथ्या दिवशी मात्र मी फणकारले, "अहो, काल सांगितलं ना!" ते शांतपणे म्हणाले, "कालचं काल झालं, बाई. आजचं सांगा."

भांडुपला प्रोग्रॅमिंगच्या क्लासमध्ये आमची ओळख झाली. मी तेहेतीस वर्षांची, दहा वर्षं शाळेत इतिहास शिकवून आलेली. म्हणून ते मला बाई म्हणत. ते अडतीस वर्षांचे, रक्त तपासायच्या लॅबमधली कायमची नोकरी सोडून आलेले. बाकी सगळे आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान. शेवटच्या बाकावर आम्ही दोघं आपोआपच एकत्र आलो.

शिकण्यात दादा मंद होते, हे सांगायलाच हवं. दोन बोटांनी टाइप करायचे आणि मला तासाभरात जमे त्याला त्यांना दोन दिवस लागत. पण प्रोग्रॅम चालू लागला की आम्ही चहाला पळायचो, तेव्हा हे त्यात मुद्दाम चुकीची माहिती भरत बसायचे. "चालतंय ते दिसलं. फसतंय कुठे ते बघूया," म्हणायचे.

चांगली नोकरी का सोडली, ते त्यांनी एकदाच सांगितलं. लॅबमधून घरी जाताना ते चाळीतल्या लोकांचे रिपोर्ट पिशवीत घालून नेत, म्हणजे म्हाताऱ्यांची खेप वाचे. चाळीत सुनंदा सावंत दोन. एक काकी, जिच्या हातचं खाऊन दादा लहानाचे मोठे झाले. दुसरी वरच्या मजल्यावरची नवी सून. दादांनी एक पाकीट काकीला दिलं, दुसरं सुनेच्या घरी. नाव, वय काही पडताळलं नाही. काकीला काय विचारायचं? रिपोर्ट उत्तम होता, काकी खूश झाली. सून गावाला गेली होती. वीस दिवसांनी परतून तिने आपलं पाकीट उघडलं, तेव्हा कळलं की किडन्या काकीच्या गेल्या आहेत.

काकी वाचली नाही. डॉक्टर म्हणाले, वीस दिवसांनी फारसा फरक पडला नसता. हे मला पुढे त्यांच्या बायकोकडून कळलं; दादांनी ते वाक्य स्वतःच्या तोंडून कधी उच्चारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "परका असता तर विचारलं असतं ना मी. ओळखीनेच वाट लावली, बाई. आता मी विचारीन, पण मी एका लॅबमध्ये. बाकीच्यांचं काय? हे मशीनमध्येच लिहायला हवं."

पुढे अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत आम्हा दोघांना नोकरी मिळाली. लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायचं काम होतं. दादांनी त्यात एक स्क्रीन घातली: पेशंटच्या तोंडून पूर्ण नाव आणि जन्मतारीख ऐकून भरल्याशिवाय ना सॅम्पल नोंदवता येई, ना रिपोर्ट उघडे. आमचा साहेब अठ्ठावीस वर्षांचा. तो म्हणाला, "दादा, लॅबवाले वैतागलेत यार. रोजच्या पेशंटला कोण नाव विचारतं? काढून टाका ना ते."

"रोजच्यालाच विचारायचं," दादा म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांची नोकरी कायम व्हायची होती. घरी दोन मुली शिकत होत्या आणि बायकोने वर्षभर एकटीने संसार ओढला होता. मीही त्यांना म्हटलं, "आत्ता काढा दादा, मागाहून परत घालू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि काकीक काय सांगू?" मी तसं म्हटल्याची मला आजही लाज वाटते.

त्यांना कायम केलं नाही. आणखी सहा महिने उमेदवारी वाढवली. स्क्रीन काढायचं काम साहेबाने माझ्याकडे दिलं. आज करते, उद्या करते म्हणत मी ते कधीच केलं नाही. हळूहळू लॅबवाल्यांनाही सवय झाली आणि विषय मागे पडला. दादाही यथावकाश कायम झाले.

दोन वर्षांनी त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. मी हॉस्पिटलात भेटायला गेले, तेव्हा आवाज पार खोल गेला होता. रक्त घ्यायला एक मुलगी आली. "काका, हात द्या." दादांनी हात चादरीखाली ओढून घेतला.

"आधी नाव इचार."

"अहो काका, मी रोज येते ना तुमच्याकडे!"

"रोज येतंस, म्हणानच इचार, बाय."

तिने हसून विचारलं. दादांनी दम घेत घेत पूर्ण नाव सांगितलं, मग हात पुढे केला. त्यानंतर चारच दिवसांनी ते गेले.

मागच्या महिन्यात मी माझ्याच रक्ततपासणीला दिंडोशीच्या एका लॅबमध्ये गेले. तिथे आमचंच सॉफ्टवेअर आहे आणि तिथली मुलगी मला चांगली ओळखते. तरी मला पाहून तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं. "सॉरी हं मॅडम, हे विचारल्याशिवाय पुढेच जात नाही. पूर्ण नाव?"

मला रडू आवरेना. डोळे पुसले आणि खुर्चीत बसायच्या आत पूर्ण नाव सांगितलं.