आबांना भरवलेला घास

आष्ट्याचा माझा एक मित्र इथिओपियात इंग्रजीचा मास्तर होता. आणीबाणीच्या आदल्या वर्षी तो सुट्टीवर घरी आला. तिकडच्या सवयीनं "हो" म्हणताना तो दचकल्यासारखा श्वास आत ओढायचा, आणि त्याची आई "काय झालं रं?" म्हणत धावत यायची.

मटणाच्या पंगतीत त्यानं भाकरीचा घास मोडला आणि शेजारी बसलेल्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, तोंडात घातला. फौजेतून सुभेदार होऊन आलेले आबा! त्यांच्यासमोर हा मोठ्यानं हसतही नसे. आमचे हात ताटातच थिजले.

घास गिळून आबा गरजले, "मी काय मरायला टेकलोय व्हय रं?"

"न्हाई आबा. तिकडं मानाच्या माणसाला असंच भरवत्यात."

आबांनी आपलं ताट त्याच्याकडं सरकवलं.

"मग निस्ती भाकरी काय भरवतोस? मटणाची फोड घे की!"