किट्टअक्का

किट्टअक्का दगड चाटून बघत. समोर कोण बसलंय याची त्यांना फिकीर नसे. बेंगळुरात, चामराजपेटमधल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या हातात चहाचा कप दिला, टेबलावरचा एक काळपट तुकडा उचलला, जिभेच्या टोकाला लावून क्षणभर धरला आणि म्हणाल्या, "चिकटतोय. म्हणजे भाजलेली माती. दगड असता तर चिकटला नसता." मग तोच तुकडा पदराला पुसून त्यांनी माझ्यापुढे केला. "बघ की." मी नुसतं पाहायचं होतं की चाटायचं होतं, ते मला कळेना. मी चहा पीत राहिलो.

लोखंड गाळल्यावर मागे जी काळी मळी उरते, तिला कन्नडमध्ये किट्ट म्हणतात. अक्कांच्या घरात ती सगळीकडे होती. खिडकीत, जिन्यावर, डाळीच्या रिकाम्या डब्यांत, देवघराच्या खालच्या फळीवर. गल्लीतल्या लोकांनी त्यावरून त्यांना नाव दिलं आणि ते त्यांनी खुशाल लावून घेतलं. घराणं मूळचं निपाणीकडचं, पण त्यांचा जन्म बेंगळुरातलाच. धातूंच्या एका प्रयोगशाळेत नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर त्या एकाच शोधाला लागल्या: या मुलखात पूर्वी पोलाद कुठे होत होतं? लग्न केलं नव्हतं. का, ते मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या की वेळ मिळाला नाही. पुढे कधीतरी पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या की वेळच वेळ होता, त्याचंच भय वाटलं.

मी नागपूरचा. इथे महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत नकाशांचं काम करतो. डिलिव्हरीवाल्यांना पत्ते सापडावेत म्हणून. ऑफिसातल्या एका बेळगावच्या मैत्रिणीने अक्कांना हे सांगितलं आणि अक्कांनी मला बोलावून घेतलं. "आजच्या लोकांचे पत्ते सापडवतोस ना? मग जुन्या भट्ट्यांचे सापडव," त्या म्हणाल्या. मला इतिहासातलं काही कळत नव्हतं आणि धातूंमधलं त्याहून कमी. पण रविवार मोकळे जात होते, माझ्याकडे गाडी होती, आणि या शहरात माझ्यावर मराठीत रागावणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्यांचं मराठी मात्र मला पहिले काही महिने चकवत राहिलं. आमच्याकडे 'खरं' म्हणजे खरं. त्यांच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. एखाद्या ढिगाऱ्यापाशी उभ्या राहून त्या म्हणत, "भट्टी जुनी आहे, खरं..." आणि पुढचं वाक्य पोटातच ठेवून चालू लागत. मी आपला नकाशावर 'जुनी, खात्रीशीर' अशी खूण करून मोकळा. घरी येऊन ती खूण पाहिली की त्या चिडत. "मी कुठं खात्री दिली? पण म्हणाले मी, पण!" अशा कितीतरी जागा मी खात्रीच्या करून ठेवल्या आणि मग एकेक करून पुसल्या.

सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं बोलायचं हीही त्यांची सवय. तुमकूरच्या अलीकडे त्या म्हणायच्या, ही मळी नुसत्या साध्या लोखंडाची आहे. परत येताना, वाहनांच्या रांगेत अडकलेलो असताना, म्हणायच्या, "तसं नसेलही." मी वैतागून विचारायचो, "अक्का, मी लिहू काय?" "दोन्ही लिही. गोंधळायला घाबरालास होय? मी तर पगार घेऊन गोंधळले जन्मभर."

एक गाव मात्र असं आलं, की तिथे त्या गोंधळल्या नाहीत. त्याचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. गाव एका बुटक्या उंचवट्यावर वसलेलं आहे आणि तो उंचवटा सबंध फुटक्या मुशींचा आहे. मूस म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं. या मुशी मुठीएवढ्या, आतून काळ्या, काचेसारख्या चकाकणाऱ्या. घरांच्या भिंतींत दगडांऐवजी त्याच भरलेल्या. रत्नम्मा नावाच्या बाईंच्या अंगणात तर पाऊल टाकलं की कुरकुर आवाज येई. नवरा गेल्यापासून त्या मुलीला घेऊन एकट्या राहत होत्या आणि पत्र्याच्या जागी स्लॅब घालायची तयारी करत होत्या. शेजारी सिद्दप्पा, गावचे म्हातारे लोहार. अक्का त्या अंगणात बसल्या त्या उठेचनात. शेवटी रत्नम्मांनी तिथेच ताट आणून ठेवलं.

पुढच्या रविवारी अक्कांनी मला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी, त्यांचा सूक्ष्मदर्शक होता. कापून घासलेला मुशीचा तुकडा त्याखाली ठेवलेला. "बघ." काळ्या काचेत एक पांढराशुभ्र ठिपका चमकत होता. "दिसलं? लोखंडाचा थेंब. वितळून काचेत अडकलेला. पोलाद आहे रे, पोलाद." त्यांचा आवाज कापत होता. इतकी वर्षं त्या सांगत आल्या होत्या की त्या भागात पोलाद होत असणार, आणि त्यांच्या क्षेत्रातले लोक हसत आले होते. त्या दिवशी त्यांनी शेवयांची खीर केली आणि त्यात साखर घालायला विसरल्या. आम्ही दोघांनी ती तशीच संपवली.

व्याख्यान ठरलं. जाणकार मंडळी येणार होती. त्याआधी फोटो काढायला आम्ही पुन्हा गावात गेलो, तर रत्नम्मांच्या अंगणात सळ्या आणि वाळू पडलेली आणि काम बंद. गावात बातमी पसरली होती की इथे जुनं काही सापडलं म्हणून सरकार जागा ताब्यात घेणार, कुंपण घालणार, मग कुणाला भिंतसुद्धा दुरुस्त करता येणार नाही. कुणी म्हणे, सगळ्यांना उठवणार. खरं-खोटं कुणालाच माहीत नव्हतं. रत्नम्मांनी आम्हाला आत बोलावलं नाही. दारातच उभ्या राहून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, माझं घर जाईल का?"

अक्का म्हणाल्या, "तसं काही होणार नाही." मग थोडं थांबून, "मला वाटत नाही." आणि मग, "मी विचारून सांगते."

परतीच्या वाटेवर मी कॉफीसाठी गाडी थांबवली. कॉफीवर साय धरेपर्यंत त्या पेल्याकडे बघत राहिल्या.

व्याख्यानाच्या दिवशी त्या इस्त्रीची सुती साडी नेसून उभ्या राहिल्या. मागच्या पडद्यावर गावाचं नाव नव्हतं. पहिल्याच वाक्यात त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं की पोलादाची जागा सापडली. सापडलेली नाही. या मुशी काचेच्या आहेत. तिथे बांगड्या करत असावेत." पडद्यावर एका तुकड्याचा फोटो आला, त्याला हिरव्या काचेचा टपोरा थेंब चिकटलेला. तो तुकडा मी कधीच पाहिला नव्हता. सभागृहात कुजबूज सुरू झाली. त्यांच्या प्रयोगशाळेतले एक जुने सहकारी उठले. "मॅडम, तुम्ही तर मला फोनवर लोखंडाचा थेंब सापडल्याचं सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. चुकले."

"मग तो थेंब कसला?"

"जमिनीतला गंज असेल. मला घाई झाली."

ते सहकारी खाली बसता बसता हसले. आणखीही काही जण हसले. अक्का पुढचं सगळं व्याख्यान बांगड्यांवर बोलल्या, नीट, न अडखळता. त्यानंतर त्यांना कुणी बोलायला बोलावलं नाही.

गाडीत बसल्याबरोबर मी विचारलं, "अक्का, मी तो ठिपका माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. तो गंज नव्हता."

"तुला गंज कसा दिसतो माहीत आहे?"

"नाही."

"मग?"

"पण तुम्हाला माहीत आहे ना!"

त्यांनी खिडकीची काच खाली केली. सिग्नल सुटल्यावर म्हणाल्या, "तुला लोखंड दिसलं असेल तर तसं लिही. तुझ्या नावानं लिही. मी अडवणार नाही." मी लिहिणार काय आणि कशाच्या बळावर? मला त्यांच्यावाचून काहीच दिसलेलं नव्हतं. त्यांनी पोलाद म्हटलं तेव्हा मला पोलाद दिसलं. आता बांगड्या म्हणतायत, तर तो हिरवा थेंबही मी पडद्यावर पाहिलाच होता. रत्नम्मांसाठी त्या खोटं बोलल्या असं मानावं, तर तो थेंब कुठून आला? आणि खरोखर चुकल्या असं मानावं, तर त्या दिवशी आवाज का कापला?

मी दुसऱ्याच रविवारी त्यांच्या घरी जाऊन तो पांढऱ्या ठिपक्याचा तुकडा मागितला. म्हटलं, बाहेर तपासून घेऊ. "तो होय? ठेवला होता इथंच," म्हणत त्यांनी दोन-तीन डबे उघडले आणि मग कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या. त्यानंतर त्या गावाचा विषय त्यांनी काढला नाही. आम्ही दुसऱ्या जागा धुंडाळत राहिलो. त्या तशाच चिडत, तशाच दोन्ही बाजूंनी बोलत. पुढे डोळ्यांनी दगा दिला, सूक्ष्मदर्शक झाकून ठेवला गेला आणि निपाणीहून भाचा येऊन त्यांना घेऊन गेला. निघताना मला म्हणाल्या, "गाडी हळू चालव. स्वल्प घाई जास्त आहे तुला." चार शब्द आणखी बोलतील म्हणून मी रिक्षाच्या दाराशी वाकून उभा होतो. त्यांनी रिक्षावाल्याला निघायला सांगितलं. हिवाळ्यात भाच्याचा फोन आला, अक्का झोपेतच गेल्या.

मग एका रविवारी, काय करावं ते न सुचून, मी त्या गावी गेलो. एव्हाना कन्नड बऱ्यापैकी कळत होतं. रत्नम्मांचा स्लॅब झाला होता, खाली लाल फरशी आली होती. अक्का गेल्याचं सांगितलं तशा त्या मटकन बसल्या. सिद्दप्पाही शेजारून आले. रत्नम्मांनी सांगितलं की व्याख्यानानंतर थोड्याच दिवसांनी अक्का एकट्या बसने आल्या होत्या, एक जड पिशवी घेऊन. फरशीखालचा भराव चालू होता. अक्कांनी पिशवीतले सगळे तुकडे त्या भरावात ओतले, वरून माती लोटायला स्वतः मदत केली आणि दिवसभर थांबल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, इथं बांगड्या होत होत्या. बाईच्या घराला शोभतं म्हणाल्या," रत्नम्मांनी डोळे पुसले.

सिद्दप्पा एकदम ताठ झाले. "बांगड्या? मला त्याच दिवशी माझ्या ओट्यावर बसून सांगितलं त्यांनी. पोलाद होत होतं. तुमच्याच माणसांनी केलं, म्हणाल्या. माझे हात हातात घेऊन म्हणाल्या."

"बांगड्या म्हणाल्या. अक्का माझ्याशी खोटं कशाला बोलतील?"

"आणि माझ्याशी कशाला बोलतील?"

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी त्यांच्याबरोबर हिंडणारा, शिकलेला, मला ठाऊक असणार. मी खाली पाहिलं. जे काही ठरवायचं होतं ते सगळं त्या लाल फरशीखाली होतं, आणि फरशी फोडल्याशिवाय मिळणार नव्हतं. रत्नम्मांची मुलगी त्याच फरशीवर वह्या पसरून अभ्यास करत होती.

"गोत्तिल्ला," मी म्हणालो. माहीत नाही.

रत्नम्मांनी मान हलवली, "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या, वह्या थोड्या बाजूला सारून तीन ताटं मांडली आणि भात वाढला.